पार्श्वभूमी: ‘डॅम द टॉर्पीडोज’ आणि दिवाळखोरीचा अर्ज

गायक-गीतकार टॉम पेटीच्या ‘टॉम पेटी अँड द हार्टब्रेकर्स’ या अमेरिकी रॉक बँडचा तिसरा अल्बम ‘डॅम द टॉर्पीडोज’ ऑक्टोबर १९७९ मध्ये बाजारात आला. १९८० च्या सुरुवातीला तो अमेरिकेतल्या लोकप्रिय अल्बमच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर होता. वर होता फक्त पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’. पण त्याआधी काही महिने हा अल्बम निघेल की नाही, याचीच खात्री नव्हती.

फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलहून लॉस एंजेलिसला आलेल्या या पोरांनी शेल्टर रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीशी करार केला होता. पेटीने त्यात गाण्यांचे प्रकाशनहक्कही (पब्लिशिंग), म्हणजे गीतकार म्हणून होणाऱ्या कमाईवरचे हक्क, लिहून दिले. पब्लिशिंग म्हणजे गाण्यांची पुस्तकं छापणं, अशी तेव्हा आपली समजूत होती, असं त्याने पुढे सांगितलं. शेल्टरच्या रेकॉर्ड वितरित करायची एबीसी ही रेकॉर्ड कंपनी. १९७९ मध्ये एमसीए या दुसऱ्या रेकॉर्ड कंपनीने एबीसी विकत घेतली आणि मालाबरोबर बँडही नव्या मालकाच्या ताब्यात गेला. पेटी अडून बसला: माझ्या संमतीशिवाय माझा करार परस्पर दुसऱ्याला देता येणार नाही.

प्रकरण कोर्टात गेलं. इकडे लॉस एंजेलिसच्या व्हॅन नाइस भागातल्या साउंड सिटी स्टुडिओत निर्माता जिमी आयोवीनबरोबर रेकॉर्डिंग सुरूच होतं, तेही पदरच्या पैशाने. कर्ज पाच लाख डॉलरच्या वर गेलं. टेप जप्त होतील या धास्तीने पेटीचा सहायक रोज रात्री त्या सोबत न्यायचा आणि कुठे ठेवल्या ते पेटीलाही सांगायचा नाही. कोर्टात विचारलंच, तर ‘मला ठाऊक नाही’ हे पेटीला खोटं न बोलता सांगता यावं, म्हणून ही तजवीज.

मे महिन्यात पेटीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कर्ज खरं होतंच, पण खरा नेम करारावर होता, कारण दिवाळखोराला न पेलणारे जुने करार कोर्ट मोडीत काढू शकतं. हा पायंडा पडला असता तर दुसरे कलाकारही त्याच वाटेने गेले असते. माझ्या मते कंपनी नमली ती यामुळेच. तडजोड झाली: एमसीएच्याच छत्राखाली बॅकस्ट्रीट हे नवं लेबल निघालं आणि पेटीला आधीपेक्षा कितीतरी चांगल्या अटी मिळाल्या. याच अल्बममधल्या ‘रेफ्यूजी’ या गाण्यातली त्याची चिडलेली, ताणलेली हाक ऐकताना हे सगळं आठवतं.

कुरबुर मात्र संपली नाही. १९८१ मध्ये ‘हार्ड प्रॉमिसेस’ या पुढच्या अल्बमची किंमत ८.९८ ऐवजी ९.९८ डॉलर ठेवायचा एमसीएचा बेत होता. वाढीव भार चाहत्यांवर टाकायला पेटीने नकार दिला, आणि अल्बम ८.९८ लाच विकला गेला.