ग्रामसभा कशी बसते?

१ मेची ग्रामसभा होती. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावात त्या दिवशी पारा ४५च्या घरात, आणि आम्ही टिनाच्या हॉलमध्ये. समोर टेबल, माइक, चार खुर्च्या. पुढे पुरुषांच्या रांगा, पार मागे दाराजवळ बाया. तिथून एक काकू पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला उठल्या. पुढच्या एकाने मान वळवून विचारलं, "काय म्हनते थे?" कोणालाच नीट सांगता आलं नाही. सभा पुढच्या विषयावर गेली.

काकू चांगल्या खणखणीत आवाजाच्या आहेत. शेतातून हाक मारली तर बांधापलीकडे ऐकू जाते. मग हॉलमध्ये काय झालं?

खोलीतला आवाज दोन वाटांनी कानावर येतो : थेट तोंडातून, आणि भिंती, फरशी, छपरावर आपटून जरा उशिरा. उशिरा आलेला आवाज पुढच्या शब्दावर चढतो. 'स', 'त', 'क' अशी व्यंजनं मुळात दुबळी असतात, ती आधी बुडतात. स्वरांचा नुसता गलका उरतो. १८९५ साली हार्वर्डमधल्या एका व्याख्यानगृहाची अशीच तक्रार होती. तिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकाने रात्री-रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडल्या आणि घुमणं किती कमी होतं ते मोजलं. माणसाचं अंग आणि कपडेही गादीसारखाच आवाज शोषतात, हे त्याने दाखवलं. म्हणजे सभेला माणसं कमी आली की हॉल जास्त घुमतो, आणि काही कळत नाही म्हणून पुढच्या वेळी आणखी कमी येतात. टिनाचं तर दुहेरी दुखणं : तापलं की उष्णता थेट डोक्यावर फेकतं. कडुनिंबाची पानं पाणी बाहेर टाकत स्वतःला थंड ठेवतात, म्हणून त्याच उन्हात निंबाखाली बसवतं.

मग पारावर बसावं का? मलाही आधी तसंच वाटलं. पण पाराकडे नीट पाहा. मधे खोड, भोवती गोल ओटा, आणि बसलेल्यांची तोंडं बाहेर, पाठी एकमेकांकडे. शिवाय पाराला उंची आहे. त्यावर कोण बसणार आणि खाली मातीत कोण, बाईने तिथून जाताना पदर कुठवर ओढायचा, हे जात आणि रीत ठरवत आली. तो मान डोळ्यांसमोर ठेवूनच पार बांधले गेले, असं मला वाटतं.

हवी ती आत तोंड केलेली बैठक. १९५० साली बर्नार्ड स्टाइन्झर या मानसशास्त्रज्ञाने गोलात बसलेल्या गटांची चर्चा नोंदवली. एकाचं बोलणं संपलं की शेजाऱ्यापेक्षा समोरचा माणूस बोलण्याचा संभव जास्त, असं त्याला आढळलं. समोर चेहरा दिसतो, ओठ दिसतात, हात दिसतात. रांगेत समोर दिसते ती पाठ. आणि व्यंजनांचा तीक्ष्ण आवाज लांबून येताना मधल्या माणसांच्या अंगांत अडतो, शोषला जातो. त्यामुळे मागचा माणूस बोलला की पुढच्यांच्या कानांवर भिंतीवरून परतलेला आवाजच जास्त पडतो.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथे बहुमताने नाही, सर्वसहमतीने निर्णय होतात. एकाचाही विरोध असला तर विषय थांबतो. अशा सभेत एक माणूस जरी ऐकू आला नाही, तरी निर्णयच लंगडा होतो. आमच्याकडे हात मोजून भागतं, म्हणून मागची रांग खपून जाते, याचा मला राग येतो.

२ ऑक्टोबरला आम्ही शाळेच्या निंबाखाली सतरंज्या अर्धगोलात टाकल्या. सरपंचांची सतरंजीही त्याच गोलात. कोणी कुठे बसायचं यावर अर्धा तास कुरकुर झाली, दोघं-तिघं उभेच राहिले. काकू बसल्या जागेवरून बोलल्या. टाकीच्या ठरावात सूचक म्हणून त्यांचं नाव लागलं. अनुमोदन दिलं ते त्यांच्या बरोब्बर समोर बसलेल्या सूनबाईने, जी आजवर सभेत कधी तोंड उघडत नव्हती.