वरातीत वाजलेलं गाणं आणि फिल्ममध्ये टाकलेलं गाणं

लग्नसराई सुरू झाली की नाशिकच्या व्हिडिओवाल्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘लग्नाला गाण्याचं लायसन्स लागत नाही.’ हे अर्धंच खरं आहे.

ही सूट कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने आली आणि १९९५ पासून लागू झाली. धार्मिक समारंभात गाणं सादर केलं किंवा त्याचं रेकॉर्डिंग वाजवलं, तर ते उल्लंघन नाही. आणि या समारंभात वरात व लग्नाशी निगडित इतर सोहळेही धरले आहेत. पण हे कलम फक्त वाजवण्याबद्दल बोलतं. तेच गाणं एडिटिंगच्या टेबलावर फिल्मच्या टाइमलाइनवर टाकणं ही नक्कल झाली. तिला दोन परवानग्या लागतात : शब्द आणि चाल ज्याच्या मालकीची त्याची एक, रेकॉर्डिंगच्या मालकाची दुसरी. धंद्यात यांना अनुक्रमे ‘सिंक’ आणि ‘मास्टर’ म्हणतात. कायद्यात ‘सिंक’ हा शब्दच नाही, म्हणून तो अनेकांना कंपन्यांनी पैसे उकळायला काढलेला वाटतो. तसं नाही. गीत किंवा चाल वापरून चित्रफीत बनवण्याचा हक्क कायद्याने स्पष्टपणे हक्कधारकाला दिलेला आहे.

व्हीएचएसच्या काळात कोणी हे विचारलं नाही. कॅसेट गोदरेजच्या कपाटात राहायची, पाहुणे आले की लागायची. आता टीझर लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यूट्यूबवर असतो, आणि तिथे २००७ पासून यंत्रच गाणं ओळखतं. बहुतेकदा येतो तो ‘क्लेम’ : जाहिरातीचे पैसे हक्कधारकाकडे जातात किंवा व्हिडिओ अडतो. ‘स्ट्राइक’ वेगळा, तो हक्कधारकाने व्हिडिओ काढायला लावल्यावर मिळणारा इशारा; ९० दिवसांत तीन आले तर चॅनेल जातं.

औरंगाबाद रोडवरच्या एका लॉन्सवरची फिल्म मी पाहिली. वरातीतला आजीचा नाच अख्खा मुका, आवाजच काढून टाकलेला. गाणं एडिटरने टाकलेलं नव्हतं, डीजेचं वाजत होतं आणि कॅमेऱ्याच्या माइकने टिपलं होतं. मागे सहज दिसलेल्या चित्राला किंवा शिल्पाला कायदा मोकळीक देतो. मागे सहज ऐकू आलेल्या गाण्याला तशी तरतूद नाही, आणि मला ही त्रुटी फार अन्यायाची वाटते.

वाजवण्याच्या सूटवरही वाद संपलेला नाही. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये केंद्राने लग्नात रॉयल्टी, म्हणजे गाण्याच्या वापराचा मोबदला, मागू नये असं कळवलं. गोव्याने त्याच धर्तीवर काढलेलं परिपत्रक २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केलं. कलम मात्र जागेवरच आहे.

हे हक्क कोणाचे, याचा त्याआधीचा इतिहास थोडक्यात : १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चित्रपटगीतांचे हक्क निर्मात्याच्या पारड्यात टाकले, २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा वाटा परत दिला.

‘मग अभंग टाकतो’ असंही ऐकतो. संतांचे शब्द मोकळे आहेत, पण गेल्या साठ वर्षांतलं रेकॉर्डिंग नाही. गंगापूर रोडचे काही व्हिडिओवाले आता मंडपातल्या सनई-संबळाचाच आवाज वेगळ्या माइकवर घेतात. तो व्हिडिओत वापरायचा तर वाजवणाऱ्याची संमती हवी, कारण कलाकाराचा हक्क त्याच १९९४ च्या दुरुस्तीने आला. हे जण बिदागी देतानाच कागदावर सही घेतात.