किक मारून दमण्याआधी प्लग काढून बघा

टू-स्ट्रोक एटीव्ही (चिखल-मातीत चालणारी चारचाकी) आमच्याकडे येते तेव्हा तक्रार बहुधा एकाच वाक्यात असते: "सुरू व्हायला त्रास देते." मग आम्ही उलट विचारतो. कधी त्रास देते, सकाळी थंड असताना की फिरवून आणून दहा मिनिटं उभी केल्यावर? किक नेहमीइतकी जड लागते का? आणि दहा-बारा किका मारून प्लग काढलात तेव्हा तो ओला होता की कोरडा? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर क्वचितच मिळतं. खरं तर अर्धं निदान तिथेच असतं, म्हणून हे पत्रक.

आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. या इंजिनात फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व नसतात. पिस्टन वर जाताना पेट्रोल-हवेचं मिश्रण रीडच्या (एकाच दिशेला उघडणाऱ्या झडपेच्या) पातळ पाकळ्यांमधून पिस्टनखालच्या बंद पेटीत, म्हणजे क्रँककेसमध्ये ओढलं जातं, आणि पिस्टन खाली आला की तेच दाबून वर सिलिंडरमध्ये ढकललं जातं. थोडक्यात, क्रँककेस हा पंप आहे. पंप कुठूनही हवा ओढायला लागला की प्लग कितीही नवा घाला, गाडी नखरे करणारच.

प्लग ओला निघाला तर पेट्रोल पोचतंय, पण पेटत नाही. प्लग कॅपमध्ये खोचून त्याचा धातू इंजिनाच्या हेडला नीट टेकवा आणि किक मारा. निळी, चटचट वाजणारी ठिणगी हवी. पिवळी, बारीक ठिणगी बाहेर दिसली तरी सिलिंडरच्या दाबाखाली टिकेलच असं नाही. हे करताना प्लग त्याच्या भोकापासून लांब धरा, कारण तिथून पेट्रोलची वाफ येत असते. प्लग हेडला न टेकवता किक मारत राहिलात तर सीडीआयला, म्हणजे ठिणगीचा करंट सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डबीला धोका असतो, तेही टाळा.

ठिणगी नसेल तर कॉइल विकत घेण्याआधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचा स्विच तपासा. हसू नका, चिखल-पाण्यात फिरणाऱ्या गाडीचा हा स्विच आतून गंजतो. यामाहाच्या ब्लास्टर आणि बँशी या मॉडेलांत कार्बोरेटरवर आणि अंगठ्याच्या थ्रॉटलपाशी (अ‍ॅक्सिलरेटरपाशी) सुरक्षेचे जास्तीचे स्विच असतात. थ्रॉटल सोडूनही कार्बोरेटरची स्लाइड (हवेची वाट उघडणारी सरकती झडप) वर अडकली तर ते करंट तोडतात. स्विचच बिघडला तर धडधाकट इंजिनाचाही करंट जातो. मग प्लग कॅप. एका गाडीचे पाच प्लग बदलून झाले होते. आम्ही कॅप फिरवून काढली, तर आत वायरची तांब्याची टोकं हिरवी पडून भुगा झालेली. अर्धा सेंटिमीटर वायर कापली, कॅप परत फिरवून बसवली आणि दुसऱ्या किकला गाडी सुरू!

ठिणगी चांगली असूनही प्लग चिंब असेल, तर इंजिन पेट्रोलने भरलंय. कार्बोरेटरमधली फ्लोटची निडल (भरल्यावर पेट्रोल थांबवणारी सुई) नीट बसत नसेल आणि पेट्रोल कॉक रात्रभर चालू राहिला, तर पेट्रोल उतरून क्रँककेसमध्ये साठतं. कॉक बंद करा, प्लग काढा, किल स्विच 'ऑफ'वर ठेवा आणि थ्रॉटल पूर्ण उघडून दहा-पंधरा किका मारा. मग कोरडा प्लग लावून चोकशिवाय बघा.

प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल अडलंय. बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत कार्बोरेटरमधला पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारी बारीक नळी) हाच नेहमीचा गुन्हेगार. त्याचं भोक केसाएवढं. शिळं पेट्रोल सुकून तिथे चिकट थर धरतं. तार खुपसून भोक मोठं करू नका, क्लीनर आणि हवेनेच साफ करा. टाकीच्या झाकणाची हवेची वाट बुजली असेल तरी पेट्रोल उतरत नाही. झाकण सैल केल्यावर फरक पडला तर दोष झाकणाचा.

इथे चोकची एक सवय सांगायलाच हवी. या गाड्यांमधला चोक बहुधा पेट्रोलची वेगळी वाट उघडतो, आणि ती थ्रॉटल बंद असतानाच जोरात ओढते. चोक लावून अंगठ्याने थ्रॉटल दाबत किक मारली की चोक जवळपास निकामी होतो. थंड गाडीला चोक लावा आणि थ्रॉटलला हात लावू नका. काही गाड्या एवढ्यानेच सुधारतात, आणि आमचं काम वाचतं.

किक हलकी लागत असेल तर प्लगच्या भोकात सिलिंडरचा दाब मोजायचा गेज लावावा लागेल. थ्रॉटल पूर्ण उघडून काटा थांबेपर्यंत किका मारायच्या. आकडा मॉडेलनुसार बदलतो, पण 120 पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास किंवा वर असेल तर आम्ही निश्चिंत असतो. 90 च्या खाली गेला की सिलिंडर उघडण्याची तयारी ठेवा. प्लगच्या भोकातून चमचाभर टू-टी ऑइल (टू-स्ट्रोकचं ऑइल) टाकून आकडा वाढला तर रिंगा किंवा सिलिंडर झिजलाय.

गरम झाल्यावरच त्रास देणारी गाडी वेगळी. मॅग्नेटोमधल्या (ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागातल्या) स्टेटरची कॉइल तापली की कमजोर पडू शकते आणि थंड झाल्यावर परत ठीक चालते. म्हणून ठिणगी गरम असताना, गाडी अडून बसली त्याच क्षणी बघायची. अर्ध्या तासाने बघितलीत तर सगळं उत्तमच दिसेल.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते क्रँकच्या ऑइल सीलकडे. मॅग्नेटोकडची सील गेली की हवा आत शिरते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), प्लग पांढरट पडतो आणि थ्रॉटल सोडूनही इंजिन चढत राहतं. क्लचकडची गेली तर इंजिन गिअर ऑइल ओढतं: धूर वाढतो, ऑइल कमी होतं, प्लग तेलकट. आम्ही इनटेक आणि एक्झॉस्ट बंद करून 6 पीएसआय हवा भरतो आणि 6 मिनिटं काटा बघतो. मिनिटाला 1 पीएसआयपेक्षा जास्त उतरला तर गळती शोधतो. ही शंका असेल तर कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून गाडी कशीबशी चालवू नका. पातळ मिश्रणावर पिस्टन तापून सीझ होतो, म्हणजे सिलिंडरमध्ये जाम होतो, आणि सीलचं काम सिलिंडरवर जातं.

गाडी आणताना तिच्यातला प्लग डबीत घालून आणा. पुसू नका, ब्रशने घासू नका. नुकताच नवा बसवला असेल तर जुनाही आणा. पेट्रोलमध्ये ऑइल कोणत्या प्रमाणात घालता तेही लिहून आणा. 32 ला 1 म्हणजे लिटरमागे 31 मिली, "अंदाजे एक झाकण" नव्हे.