पाटीवाला

पाटीवाला : किरकोळ गिऱ्हाइकाने मंडईत घेतलेला माल डोक्यावरच्या पाटीतून त्याच्या वाहनापर्यंत, स्थानकावर किंवा घरी पोचवणारा मजूर. हे नाव विशेषतः मुंबईत रूढ आहे. घाऊक मालाच्या गोण्या चढवणारा-उतरवणारा माथाडी व्यापाऱ्याचे काम करतो, पाटीवाला गिऱ्हाइकाचे. हमालांविषयीच्या लेखनात हा भेद नेहमी पाळला जातोच असे नाही.

जुन्या मराठीत ओझेवाल्याला हारेकरी (हारा म्हणजे मोठी टोपली) आणि हेलकरी (हेल म्हणजे एका खेपेचे ओझे) असे शब्द होते. ‘हेलपाटा’ या शब्दातही हेच हेल असावे. ‘हमाल’ हा वाहून नेणे या अर्थाच्या अरबी धातूपासून आलेला शब्द. हॉब्सन-जॉब्सन (१८८६) या अँग्लो-इंडियन कोशानुसार त्याचा वापर पश्चिम भारतापुरता असून त्या काळी तो मुख्यतः पालखीच्या भोयाला लावत. मुंबईत तर झाडलोट करणाऱ्या घरगड्यालाही हमालच म्हणत. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील मुंबईविषयक मजकुरात ‘हमाल’ दिसला की तो बाजारातलाच, असे धरून चालणे धोक्याचे आहे.

‘कुली’ या शब्दाचे मूळ अधिक वादग्रस्त आहे. हॉब्सन-जॉब्सनच्या संपादकांचा कल पश्चिम भारतातील कोळी या जातिनामाकडे होता. त्याआधीचे कोशकार विल्सन यांनी तमिळ ‘कूलि’ (मजुरी) हे मूळ मानले होते. गुलाम या अर्थाच्या तुर्की शब्दाशीही त्याचा संबंध जोडला गेला आहे, पण तो दुवा दूरचा वाटतो. पश्चिम किनाऱ्यावरचे जातिनाम आणि दक्षिणेतला मजुरीवाचक शब्द हे बहुधा पोर्तुगीजांच्या तोंडी एकमेकांत मिसळले असावेत, हे मत सध्या अधिक ग्राह्य दिसते. मंडईतल्या माणसाला मात्र ‘पाटीवाला’ म्हटलेले चालते, ‘कुली’ म्हटलेले खटकते.

डोईवरून माल वाहणे पुरातन आहे. परंतु गिऱ्हाइकामागे दुकानोदुकानी फिरणारा पाटीवाला बहुधा छपराखालच्या मोठ्या मंडयांबरोबर ठळक झाला. मुंबईची क्रॉफर्ड मार्केट १८६९ साली पूर्ण झाली, कोलकात्याचे हॉग मार्केट १८७४ मध्ये उघडले आणि पुण्याची रे मार्केट १८८६ मध्ये. कोलकात्यात अशा मजुराला ‘झाँकामुटे’ म्हणतात, तिथेही नाव टोपलीवरूनच पडले आहे. मुंबई व पुणे येथील या दोन्ही मंडयांना पुढे जोतीराव फुले यांचे नाव मिळाले. गंमत अशी, की पुण्यातील मंडईवरच्या खर्चाला नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनीच विरोध केला होता.

पाटी बांबूच्या कामट्यांची, गोल व उथळ असते. तिच्याखाली डोक्यावर कापडाची चुंबळ. पाटी भरण्याची रीत ठरलेली : तळाला कांदे-बटाटे, मध्ये कोबी-फ्लॉवर, वर टोमॅटो, सगळ्यांत शेवटी कोथिंबीर. अंडी हातात. गिऱ्हाईक घासाघीस करत असताना पाटीवाला भरली पाटी सहसा खाली ठेवत नाही, कारण ती पुन्हा डोक्यावर चढवायला दुसऱ्या माणसाचा हात लागतो. मजुरी वजनावर नव्हे, खेपेवर असते. ती आधी ठरते, किंवा ‘खुशीने द्या’ म्हणून सोडली जाते आणि मग टॅक्सीपाशी वाद होतो.

महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार अधिनियम, १९६९ मुळे बाजारातील अंगमेहनतीच्या कामगारांसाठी मंडळे स्थापन करण्याची तरतूद झाली. या कायद्यामागील लढ्यात अण्णासाहेब पाटील यांचे नाव अग्रभागी आहे. पुण्यात त्याआधीच, १९५० च्या दशकात, बाबा आढाव यांनी हमाल पंचायत उभी केली होती. मात्र कायद्याची रचना नोंदित मालक व नोंदित कामगार अशी आहे. दोन किलो मटार घेणारे गिऱ्हाईक त्यात मालक म्हणून सहजी बसत नाही.

मुंबईतील घाऊक बाजार १९८० व १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशीला हलले. किरकोळ खरेदी जागीच राहिली, आणि तिच्याबरोबर पाटीवालाही. घरपोच सेवा देणाऱ्या अ‍ॅपनंतर त्याचे काम मुख्यतः लग्नसराई व सणासुदीच्या मोठ्या खरेदीवर आणि मंडईच्या दारापर्यंत मोटार नेता येत नाही अशा गल्ल्यांवर चालते.