भोवरा, सोलकढी आणि १०१ सेकंद

वेंगुर्ल्याला एका खळ्यात दोन म्हातारे दर सुट्टीत मला तोच वाद ऐकवतात. दोघांची नोकरी मुंबईत विमानांच्या हँगरमध्ये गेली. तात्या इन्स्ट्रुमेंटवाले, भाई इंजिनवाले. वाद १९७८ च्या एका विमान अपघाताचा: चूक कॅप्टनची की यंत्राची?

त्या वर्षी १ जानेवारीच्या रात्री दुबईला निघालेलं एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ उड्डाणानंतर १०१ सेकंदांत वांद्र्यासमोर समुद्रात पडलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. आधी घातपाताची कुजबुज झाली, अवशेष आणि रेकॉर्डर तपासल्यावर ती विरली. उरलं ते एवढंच: उजवीकडचं हलकं वळण संपून विमान सरळ झालं होतं, पण कॅप्टनसमोरचा कृत्रिम क्षितिजदर्शक, म्हणजे विमान किती कललंय ते दाखवणारा काचेमागचा गोल, ते उजवीकडे कललेलंच दाखवत राहिला. कॅप्टननं डावीकडे वळवलं, वळवतच गेले. शेवटी विमान १०८ अंशांपर्यंत कललं.

“एक यंत्र बिघडला तर बाजूचा बघूचा नाय?” भाईंचा ठरलेला सवाल. वर पुरावा म्हणून १९८५ चा अमेरिकी निकाल: विमान आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्यांचा निष्काळजीपणा कोर्टानं मान्य केला नाही.

तात्या यावर सावंतवाडीचा लाकडी भोवरा काढतात. पाटावर फिरवतात, पाट हळूच तिरका करतात. भोवरा घसरतो, पण उभाच. जायरोस्कोपचं तत्त्व हेच: वेगानं फिरणारी वस्तू आपला आस सहसा सोडत नाही, म्हणून विमान किती कललं ते तिच्यावरून कळतं. पण जायरो शाबूत असून त्याचा निरोप काचेमागच्या गोलापर्यंत पोचला नाही, तर गोल धडधडीत खोटं सांगतो.

मग सोलकढीची वाटी. वर कोथिंबिरीचं एक पान. वाटी गर्रकन फिरवली तरी पान जागच्या जागी. फिरवत राहिलं की थोड्या वेळानं कढीही वाटीबरोबर फिरू लागते, आणि वाटी थांबवली तरी पान फिरतच राहतं. आपल्या कानातल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्यांतला द्रव असाच मागे पडतो आणि मेंदूला फसवतो. अगदी सावकाश कलणं तर त्याला कळतही नाही. म्हणून पायलटला पहिल्यापासून शिकवतात: कानावर विश्वास ठेवू नको, यंत्रावर ठेव. मला इथेच भाईंचा मुद्दा लंगडा वाटतो. कॅप्टननं शिकवलेलंच केलं, फक्त ज्याच्यावर विश्वास ठेवला तेच यंत्र खोटं होतं. खाली काळा समुद्र, वर काळं आभाळ. मधली रेघ कुठून दिसणार? रात्री होडी घेऊन आत गेलेल्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

पण भाईंचा हुकमी पत्ता पुढेच आहे. मधोमध तिसरा, राखीव क्षितिजदर्शक होता. कॅप्टन आपल्या यंत्राबद्दल बोलले तेव्हा सहवैमानिक म्हणाला, माझंही ‘टॉपल’ झालंय, म्हणजे कोलमडलंय. त्याचं खरंच बिघडलं होतं, की बरोबर दाखवणारा गोलच त्याला उलटा वाटला? आणि पडण्याआधी जेमतेम पाच सेकंद फ्लाइट इंजिनिअर ओरडला, “त्यावर जाऊ नका!”

“त्यावर म्हंजे खंयच्यार?” भाई विचारतात.

तात्या उत्तर देत नाहीत. वाटी फिरवत पानाकडे बघत बसतात.