केंटेची नक्षी कोणाच्या मालकीची? : पार्श्वभूमी

घानाच्या केंटे कापडाचं विणकाम डिसेंबर २०२४मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलं आणि २०२५मध्ये केंटेला भौगोलिक मानांकनही मिळालं. या दोन्ही बातम्यांच्या मागे चाळीस वर्षांचा एक वाद आहे. नक्षीवर हक्क कोणाचा, हा तो वाद. तो समजायचा तर आधी माग पाहावा लागतो, कारण कायद्यानं नक्षीला हात घातला आणि माग बाजूलाच राहिला.

केंटे अरुंद पट्ट्यांत विणतात. पट्टीची रुंदी साधारण १० सेंटीमीटर. खांद्यावरून घ्यायच्या पुरुषी वस्त्राला अशा सुमारे २४ पट्ट्या काठाला काठ लावून शिवतात. ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, विणकराच्या समोर कित्येक मीटर लांब पसरलेला असतो आणि टोकाला दगड ठेवलेली लाकडी घसरपाटी त्याला ताण देते. कापड विणून गुंडाळलं जाईल तशी ती विणकराकडे सरकत येते. केंटे विणणाऱ्या आसांते समाजाच्या मागावर ताणा उचलणाऱ्या फासांच्या दोन जोड्या असतात आणि त्या पायाच्या बोटांनी ओढतात. पहिल्या जोडीनं साधी वीण पडते. ताणा दाट असल्यानं त्याचे उभे पट्टे दिसतात आणि बाणा, म्हणजे आडवा धागा, झाकला जातो. दुसरी जोडी ताण्याचे सहा-सहा धागे एकत्र उचलते. तिथे उलटं होतं: बाणा ताण्याला पूर्ण झाकतो आणि भरगच्च रंगाचा ठोकळा उमटतो. हे ठोकळे शेजारच्या पट्टीतल्या ठोकळ्यांशी आलटूनपालटून जुळले, तरच पूर्ण कापडाची नक्षी उभी राहते. काम बिघडतं ते बहुधा बाणा ठोकून बसवणाऱ्या फणीच्या ठोक्यात. एका पट्टीत ठोका घट्ट आणि दुसरीत सैल पडला की ठोकळ्यांची लांबी बदलते, आणि २४ पट्ट्या शिवेपर्यंत तो फरक साचत जातो. शिवताना पट्टी ओढून जुळवायला गेलं तर कापडाला चुण्या पडतात.

फार मागे जायची गरज नाही, पण एक नोंद महत्त्वाची आहे. १७३०च्या दशकात आसांते दरबारी गेलेल्या डॅनिश दूतानं पाहिलं की राजा युरोपातून आलेलं रेशमी कापड विकत घेऊन उसवायला लावतो आणि त्या धाग्यांतून नवं कापड विणवून घेतो. गावठी सुताचे रंग मुख्यतः पांढरा आणि निळीचा निळा. आज ज्या लाल-पिवळ्या रंगांवरून केंटे ओळखतात, त्यांचा धागा असा आयात मालातून आला. म्हणजे ‘अस्सल’ केंटे पहिल्यापासून व्यापाराशी बांधलेलं आहे. पूर्वेकडच्या एवे विणकरांची परंपरा वेगळी आहे. त्यांच्या पट्टीत हात, प्राणी, भांडी अशी चित्रंही येतात आणि कापड पूर्वीपासून पैसे देईल त्याच्यासाठी विणलं जातं. आसांतेंकडे मात्र काही नक्षी फक्त राजासाठी राखीव होत्या. नक्षीवरचा ताबा ही कल्पना तिथे कायद्याच्या कितीतरी आधीची आहे.

१९५७मध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि पहिल्या नेत्यानं केंटे राष्ट्राचा पोशाख म्हणून जगभर मिरवलं. एक कापड त्याच्या पत्नीच्या नावानं ओळखलं जाई. १९६६च्या सत्तापालटानंतर त्याच कापडाचं नाव झालं ‘एकटा माणूस राष्ट्र चालवत नाही’.

दरम्यान छापील नकला वाढल्या. १९८५च्या कॉपीराइट कायद्यानं लोकपरंपरेतल्या कलाकृतींचे हक्क सरकारकडे दिले, जणू सरकारच त्यांचं मूळ निर्मातं. रोख होता परदेशी वापरावर. २००५च्या कायद्यानं हे हक्क जनतेच्या वतीनं राष्ट्राध्यक्षांकडे सोपवले, तेही कायमचे, आणि व्यावसायिक वापराच्या परवानगीची व शुल्काची अट घानाच्या नागरिकांनाही लावली. लोकपरंपरेच्या व्याख्येत केंटेचं नाव घालून पुढे जोडलं: जिथे नक्षीचा कर्ता माहीत नाही, तिथे.

सगळा घोळ या शेवटच्या अटीत आहे. कर्ता माहीत नाही, पण कोणाला? सरकारी दफ्तरात नाव नसेल, पण बोनवायरसारख्या विणकरांच्या गावात एखादी वीण पहिल्यांदा कोणी बसवली हे लोक सांगतात. शिवाय नक्षी एकसंध नसते. आसांतेंकडे कापडाला नाव बहुतेक वेळा ताण्याच्या उभ्या पट्ट्यांवरून मिळतं आणि बाण्याच्या ठोकळ्यांना त्यांची वेगळी नावं असतात. जुन्या ताण्यावर आजच्या विणकरानं नवे ठोकळे बसवले तर त्याला कर्ता म्हणायचं की नाही, याचं उत्तर ही व्याख्या देत नाही. सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही: एकटा विणकर परदेशी छपाई गिरणीशी खटला लढू शकत नाही आणि कॉपीराइटची मुदतही कधीतरी संपते. पण त्यासाठी जिवंत कारागिराला स्वतःच्या परंपरेचा परवानाधारक करणं अन्यायाचं होतं.

या तरतुदींनी नकला थांबल्या नाहीत. अमेरिकेत पदवीदानाच्या वेळी गळ्यात घालायच्या केंटे पट्ट्यांची मोठी बाजारपेठ तयार झाली. जून २०२०मध्ये तिथल्या काही लोकप्रतिनिधींनी पोलिसी अत्याचाराच्या निषेधात त्या गळ्यात घालून गुडघे टेकले, तेव्हा कापडाच्या अर्थावर कडाक्याचा वाद झाला.

नक्कल ओळखण्यासाठी कापड उलटून पाहावं. छापील कापडाची मागची बाजू बहुधा फिकी असते. विणलेल्यात ठोकळे दोन्ही बाजूंना भरलेले असतात, बोटाला जाड लागतात आणि दर १० सेंटीमीटरला शिवण सापडते. मोठ्या मागावर अखंड पन्ह्यात विणलेली यंत्राची नक्कल जास्त फसवते. तिचे ठोकळेही विणलेलेच असतात, फक्त मधल्या शिवणी नसतात.

भौगोलिक मानांकनानं वाद निराळ्या वाटेला लावला आहे. त्यात नाव, प्रदेश आणि विणण्याची पद्धत यांना संरक्षण आहे, नक्षीला नाही. त्यामुळे छापील कापड ‘केंटे’ म्हणून विकणाऱ्याला त्याच्या आधारे अडवता येतं. तीच नक्षी छापून ‘आफ्रिकन प्रिंट’ म्हणून विकली, तर प्रश्न पुन्हा २००५च्या त्या व्याख्येपाशी येतो.