लेकुरवाळ्या भाजीचे देणे

भोगीच्या दिवशी सकाळी पुण्याच्या महात्मा फुले मंडईबाहेर हरभऱ्याचे ढाळे मुळांसकट, जुड्या बांधून विकायला आलेले असतात. 1886 साली उभ्या राहिलेल्या त्या दगडी इमारतीभोवती त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पावट्याच्या शेंगा, गाजरे, काटेरी वांगी, बोरे, उसाची कांडकी आणि सुगडी यांतून वाट काढत माणसे भोगीच्या लेकुरवाळ्या भाजीचे साहित्य गोळा करत असतात. ‘न खाई भोगी, तो सदा रोगी’ असे आपण म्हणतो आणि जेवायला बसताना ताटाला नमस्कारही करतो. तो नमस्कार नेमका कोणाला पोहोचतो, हा प्रश्न मला विज्ञानाचाही वाटतो, कारण ज्याचे देणे लागतो त्याची ओळखच नसेल तर कृतज्ञता अपुरी राहते.

घाटे सोलायला बसले की थोड्याच वेळात बोटे चुरचुरू लागतात, आणि बोट जिभेला लावले तर ते आंबट लागते. हरभऱ्याच्या पानांवर आणि घाट्यांवर बारीक ग्रंथियुक्त केस असतात व त्यांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरते. झाडाच्या दृष्टीने हे किडीपासून बचावाचे साधन आहे. थंडीत पहाटे पिकावर स्वच्छ फडके पसरून दवाबरोबर ही आंब टिपून घेण्याची आणि घरगुती औषधात वापरण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे.

पण खरी नवलाई मुळांशी आहे. जुडीची माती झटकली की मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही ठिकाणी एकमेकींना चिकटलेल्या गाठी दिसतात. त्यातली एखादी नखाने फोडली तर आत गुलाबी रंग दिसतो. घाटे भरत आलेल्या झाडाच्या बऱ्याच गाठी तोवर तपकिरी झालेल्या असतात, तरी दोन-चार गुलाबी सापडतातच. या गाठींमध्ये मेसोरायझोबियम नावाचे जीवाणू राहतात. हवेत 78 टक्के नायट्रोजन असूनही वनस्पतीला तो थेट घेता येत नाही, कारण त्याच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने घट्ट बांधलेले असतात. खतांच्या कारखान्यात हा बंध तोडण्यासाठी 400 ते 500 अंश सेल्सिअस तापमान आणि हवेच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट दाब वापरावा लागतो. जीवाणू तेच काम मातीच्या गारव्यात नायट्रोजिनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) आधारे करतात, पण नायट्रोजनच्या एका रेणूमागे त्यांना एटीपीचे, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचे, 16 रेणू खर्चावे लागतात आणि त्या ऊर्जेसाठी लागणारी साखर झाड पुरवते. ऑक्सिजनशी संपर्क आला तर हे विकर निकामी होते; म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असते, जे ऑक्सिजनला धरून ठेवते आणि बेताबेताने सोडते. गुलाबी रंग त्याचाच आहे. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा सख्खा नातलग हरभऱ्याच्या मुळाशी भेटावा, याचा आनंद मला दर जानेवारीत नव्याने होतो. सोलाण्यांतल्या प्रथिनांमधल्या नायट्रोजनाचा मोठा वाटा याच गाठींतून आलेला असतो.

पावट्याची गोष्ट निराळी आहे. त्याच्या पारंपरिक जाती रात्र मोठी झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत. पुण्यात जूनच्या अखेरीस दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तर 22 डिसेंबरच्या आसपास तो अकरा तासांवर येतो. पानांतले फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य अंधाराची ही लांबी मोजते आणि त्यावरून फुलण्याची वेळ ठरते. आपण संक्रांतीला उत्तरायण सुरू झाले असे मानतो, पण पृथ्वीच्या अक्षाच्या संथ डोलण्यामुळे सर्वांत लहान दिवस आता संक्रांतीच्या तीन आठवडे आधीच होऊन जातो. पावटा मात्र पंचांग न बघता आकाशाशी जुळवून घेत आला आहे.

बाजरी पावसाळी पीक असली तरी तिची खरी चव थंडीत कळते. पुणे जिल्ह्यात मावळ-मुळशीकडे धो धो पाऊस पडतो आणि तिथे भात पिकतो. पूर्वेला शिरूर-बारामतीकडे पाऊस आटत जातो आणि तिथल्या जिरायती जमिनीत बाजरी तग धरते. कडक उन्हात अनेक पिकांचे प्रकाशसंश्लेषण कार्बन डायऑक्साइडऐवजी चुकून ऑक्सिजन पकडल्यामुळे मंदावते. बाजरी आधी कार्बन डायऑक्साइड पानात साठवून एकवटते, त्यामुळे तिला पर्णरंध्रे फार उघडावी लागत नाहीत आणि पाणी वाचते.

बाजरीच्या दाण्यात साधारण 5 टक्के स्निग्धांश असतो. दळताक्षणी लायपेज विकराची त्याच्याशी गाठ पडते आणि काही दिवसांत पीठ कडवट होते, म्हणून जाणत्या घरांत ते आठवड्यापुरतेच दळून आणतात. जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणाही जातो आणि भाकरी थापताना कडेने चिरते. बाजरीत गव्हासारखे चिवट ग्लुटेन प्रथिन नसल्यामुळे पीठ गरम पाण्यात भिजवावे लागते. त्याने थोडे स्टार्च फुगून चिकट होते आणि पीठ एकजीव होते. तव्यावर टाकलेल्या भाकरीला वरून पाण्याचा हात फिरवतात तेव्हा तो पृष्ठभाग लगेच वाळत नाही, चिरत नाही, आणि आतली वाफ कोंडून पदर सुटतो. वरच्या तिळाचे जवळपास निम्मे वजन तेलाचे असते. पहाटेचा पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो त्या दिवसांत ही ऊर्जा कामी येते.

हे सगळे एका ताटात आपोआप जमत नाही. शीतगृहामुळे वर्षभर वाटाणा मिळतो आणि त्याची सोय मी नाकारत नाही, पण गोठवलेल्या पाकिटातल्या दाण्याबरोबर ना मूळ येते, ना माती, ना आंबट बोटे. त्यामुळे आपली आणि शेताची ओळख तिथेच तुटते.

आमच्या घरी सोलून झालेले ढाळे कचऱ्यात जात नाहीत. मुळे बारीक करून मी ती गच्चीतल्या कुंड्यांत मिसळते. झाडाने मिळवलेला बहुतेक नायट्रोजन दाण्यांत उतरून आमच्या पोटात गेलेला असतो, कुंडीला उरते ते थोडेच. तेवढे त्या मातीला परत मिळते, आणि फाल्गुनात तिथेच मी मेथी पेरते.